थेंबाचं माप

गेल्या अंकात मी आमच्या भट्टीवरच्या गवती चहाच्या कापणीबद्दल लिहिलं होतं. चिपळूणजवळच्या माळावर भाऊ गवत लावतो, आणि तीस वर्षं औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट म्हणून उभी राहिल्यावर आता मी त्याच्याबरोबर भट्टीपाशी उभी असते. त्या लेखानंतर महिनाभर पत्रं येत राहिली. बहुतेक घरांत डिफ्यूझर, म्हणजे पाण्यात टाकलेल्या सुगंधी तेलाचे तुषार हवेत सोडणारं यंत्र, आलेला दिसतो, सुगंधी तेलांच्या चार-पाच छोट्या बाटल्याही आल्या आहेत, आणि त्यांचं नेमकं काय करायचं हे कोणी सांगितलेलं नाही.

उत्तरांआधी एक हिशेब सांगते, पुढे तो पदोपदी लागेल. आमच्या भट्टीत एका वेळी २०० किलो ओलं गवत बसतं. तीन तास वाफ दिली की ८०० ते ९०० ग्रॅम तेल पाण्यावर तरंगतं. म्हणजे तेलाच्या एका थेंबात साधारण १० ग्रॅम गवत. चहात आपण दोन-तीन पाती टाकतो, आणि त्यातलंही सगळं तेल पाण्यात उतरत नाही. गुलाबाचं एक किलो तेल काढायला तीन ते चार टन फुलं लागतात. तिथे एका थेंबामागे पन्नास-साठ फुलं गेलेली असतात.

काकू, मला तीन महिन्यांची मुलगी आहे. सासूबाई तिच्या गळ्यात ओवा-कापराची पुरचुंडी बांधतात, सर्दी झाली की उशीवर निलगिरीचे दोन थेंब टाकतात आणि आंघोळीनंतर धुरी देतात. माझ्या नवऱ्याला त्यांनी असंच वाढवलं. मी नको म्हटलं की त्यांना फार लागतं. हे खरंच बंद करायला हवं का?
(एक आई, ठाणे)

कापूर आणि निलगिरी आजच बंद कर. धुरीही बंद कर. सासूबाईंना कसं सांगायचं ते शेवटी सांगते, कारण तो प्रश्नही तितकाच खरा आहे.

१९९८च्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या दुकानासमोरच्या घरात दीड वर्षाची मुलगी होती. खोकल्याच्या औषधाशेजारीच निलगिरीची बाटली होती, आणि रात्री दिवे गेलेले असताना चुकून त्यातलं चमचाभर तिला पाजलं गेलं. पंधरा मिनिटांत ती पेंगुळली, मान टाकायला लागली. मी पोचले तेव्हा घरचे तिला मिठाचं पाणी पाजून उलटी करवायच्या बेतात होते. मी ते थांबवलं, कारण उलटी होताना हे तेल श्वासाबरोबर फुप्फुसात गेलं तर धोका दुप्पट होतो. दोन दिवस रुग्णालयात काढून ती बरी झाली. पण ती बाटली माझ्याच दुकानातून गेली होती, आणि देताना मी एक शब्दही बोलले नव्हते. तेव्हापासून निलगिरीची बाटली विकताना गिऱ्हाईकाला थांबवून सांगितल्याशिवाय मी पैसे घेतले नाहीत.

निलगिरीच्या तेलात सिनिओल नावाचं द्रव्य मुख्य असतं. ते पोटात गेलं तर लहान मुलाला गुंगी येते, झटकेही येऊ शकतात. कापराचंही तसंच आहे, किंबहुना तो आणखी वेगाने चढतो. कापराची वडी तोंडात गेल्यावर काही मिनिटांत मुलाला झटके आल्याची उदाहरणं वैद्यकाच्या पुस्तकांत आहेत. पुरचुंडी गळ्यात असते, आणि तीन महिन्यांचं मूल हाताला लागेल ते तोंडात घालतं. शिवाय गळ्यातल्या दोऱ्याने फास बसण्याची भीती आहेच. पेपरमिंट किंवा मेंथॉल असलेला बामही तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ लावू नये. त्या तीव्र थंडाव्याने काही बाळांचा श्वास अडखळतो.

धुरीचं म्हणशील तर ओवा, वावडिंग, बाळंतशोपा यांचा दोष नाही. दोष निखाऱ्यांचा आणि बंद खोलीचा आहे. पूर्वीची घरं कौलारू होती, धुराला वाट होती. तुझ्या फ्लॅटमध्ये खिडकी लावून शेगडी ठेवली तर धूर आणि कार्बन मोनॉक्साइड दोन्ही तिथेच कोंडून राहतात, आणि बाळाच्या श्वासाचा वेग आपल्या दुपटीहून अधिक असतो.

आणखी एक विचारते. बाळाचे कपडे किंवा गोधड्या ट्रंकेतून काढल्या आहेत का? त्यांत डांबरगोळ्या असतील तर सगळं धुऊन कडक उन्हात वाळवल्याशिवाय वापरू नकोस. काही मुलांत जन्मतः एका एन्झाइमची कमतरता असते, त्या एन्झाइमला डॉक्टर जी-सिक्स-पीडी म्हणतात. अशा बाळाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी डांबरगोळीच्या वासानेही फुटू शकतात. जन्मानंतर बाळाची ही तपासणी झाली होती का, ते डॉक्टरांना विचार.

सर्दीने नाक चोंदलं तर डॉक्टरांच्या सल्ल्याने मिठाच्या पाण्याचे थेंब नाकात घाल. न्हाणीघरात गरम पाणी सोडून वाफ धरू दे, मग तिला कडेवर घेऊन गरम पाण्यापासून लांब दहा मिनिटं बस, तेवढी वाफ पुरे. दूध पीत नसेल, छाती आत ओढली जात असेल, तर थांबू नकोस, लगेच डॉक्टरांकडे ने.

आता सासूबाई. त्यांना सांग की ओव्याची पुरचुंडी आपण ठेवणार आहोत, फक्त कापूर काढून. तव्यावर जरा कोमट करायची, आधी स्वतःच्या मनगटावर टेकवून बघायची, आणि बाळाच्या पायांना त्यांनीच हाताने शेक द्यायचा. नंतर ती पाळण्यात राहू द्यायची नाही. त्यांच्या हातून काम काढून घेऊ नकोस, फक्त कापूर काढून घे. आणि हे पत्र त्यांना वाचून दाखवलंस तरी चालेल. मीही दोन नातवंडांची आजी आहे.

मी आयटीत आहे, झोप नीट लागत नाही. लॅव्हेंडर ऑइलचे १५ थेंब टाकून रात्रभर डिफ्यूझर चालू ठेवते. पहिले चार दिवस बरं वाटलं, आता सकाळी डोकं दुखतं. घरात मांजर आहे, ती हल्ली या खोलीत येत नाही. काय चुकतंय?
(एक वाचक, पुणे)

तुमच्या मांजरीचं बरोबर आहे. आपल्या यकृतात या तेलांमधली द्रव्यं निकामी करून बाहेर टाकायची एक यंत्रणा असते, मांजरात ती फार दुबळी असते. डिफ्यूझरचे सूक्ष्म तुषार तिच्या केसांवर बसतात आणि ती अंग चाटते तेव्हा पोटात जातात. टी ट्री तेलाने तर मांजरी लटपटून पडल्याच्या तक्रारी पशुवैद्यांकडे नेहमी येतात. मांजर त्या घरात राहणार असेल तर डिफ्यूझर काढून ठेवा, इतकं साधं ते आहे.

तुमच्यासाठी म्हणाल तर १५ थेंब फार झाले. १०० मिली पाण्याला तीन थेंब, झोपण्याआधी अर्धा तास, खिडकीची एक फट उघडी, आणि पडायच्या वेळी यंत्र बंद. नाक दहा-पंधरा मिनिटांत एकाच वासाला सरावतं आणि तो जाणवेनासा होतो. मग वाटतं की संपला, आणि आपण आणखी थेंब टाकतो. हवेत मात्र तो साठतच असतो. डोकेदुखी त्याचीच असावी. आठवडाभर सगळं बंद ठेवून बघा.

लॅव्हेंडरने झोप येते का, हे लोक मला नेहमी विचारतात. वास मेंदूच्या ज्या भागात पोचतो तो भावना आणि आठवणींचा शेजारी आहे, त्यामुळे एखाद्या वासाने मन सैलावतं हे खरं. पण झोपेवरचे बरेचसे प्रयोग छोटे आहेत, आणि त्यात एक मूळची अडचण आहे. कोणाला खरं तेल दिलं आणि कोणाला नुसतं पाणी, हे वासावरून सगळ्यांनाच कळतं. म्हणून मी त्याला झोपेचं औषध म्हणत नाही. रोज एकाच वेळी, एकाच मंद वासाबरोबर दिवे मालवायची सवय लागली तर ती सवय उपयोगी पडते. मी स्वतः उन्हाळ्यात उशाशी पाण्याच्या वाटीत आठ-दहा मोगरे ठेवते आणि पावसाळ्यात वाळ्याची ओलसर जुडी. मांजर असलेल्या घरात हे चालतं.

लॅव्हेंडर परदेशातूनच येतं असं तुम्ही लिहिलंय. तसं राहिलेलं नाही. जम्मूतल्या भदरवाहच्या डोंगरांत शेतकरी मक्याऐवजी लॅव्हेंडर घेतात, आणि ते तेल आपल्या बाजारात मिळतं.

एका प्रशिक्षण वर्गात सांगितलं की लिंबू किंवा पेपरमिंट तेलाचे दोन थेंब रोज कोमट पाण्यातून प्यावेत, शरीर शुद्ध होतं. घेऊ का?
(एक वाचक, सोलापूर)

घेऊ नका. तेल पाण्यात विरघळत नाही, ते तसंच्या तसं घशाच्या आणि जठराच्या अस्तरावर जाऊन बसतं. पेपरमिंट तेल आतड्याच्या एका विकारावर डॉक्टर देतात, पण ते जठरात न फुटणाऱ्या कॅप्सूलमधून आणि मोजून. ते औषध आहे. पुदिन्याची चटणी खा, लिंबाचं सरबत प्या. आणि चुकून कोणी तेल प्यायलंच तर उलटी करवू नका, बाटली बरोबर घ्या आणि १०८ला फोन करा.

जत्रेत ‘शुद्ध चंदन तेल’ १२० रुपयांना १० मिली घेतलं. वास छान आहे, पण मुलगा म्हणतो नकली आहे. कसं ओळखायचं? माझे आजोबा सातपुड्यात रोशा गवताचं तेल काढणाऱ्यांबरोबर काम करायचे, त्यामुळे मला या विषयाची ओढ आहे.
(एक वाचक, नंदुरबार)

तुमचं पत्र मी भावाला मोठ्याने वाचून दाखवलं. रोशाची आठवण असणारी माणसं आता कमी राहिली.

आधी चंदन. चंदनाचं तेल झाडाच्या आतल्या गाभ्यातून निघतं, आणि तो गाभा तयार व्हायला पंधरा-वीस वर्षं तरी लागतात. मग लाकडाचा भुगा करून दिवसेंदिवस वाफेवर ठेवायचा. म्हैसूर संस्थानाने १९१६मध्ये चंदन तेलाचं सरकारी उत्पादन सुरू केलं, तेव्हापासून आजपर्यंत हे तेल कधी स्वस्त झालं नाही. १२० रुपयांत १० मिली चंदन तेल होऊच शकत नाही. तुमच्या बाटलीत कृत्रिम सुवास घातलेलं पातळ तेल आहे. ते कपड्याला लावा, अंगाला नको.

ओळखायच्या काही खुणा. दुकानात गुलाब, चंदन, निलगिरी, लिंबू सगळ्या बाटल्या एकाच किमतीला असतील तर तिथून निघा. लिंबाची साल आणि गुलाबाची पाकळी यांत जितकं अंतर तितकंच किमतीत असायला हवं. बाटलीवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव, कोणत्या भागाचं तेल आणि बॅच नंबर हवा. काच गडद हवी. घरी एक थेंब कोऱ्या कागदावर टाकून दिवसभर ठेवा. निलगिरी, लिंबू, गवती चहा यांचा डाग उडून जातो, तेलकट कडं राहिलं तर त्यात दुसरं तेल मिसळलंय. पण ही परीक्षा चंदन आणि वाळ्याला लागू नाही, ती मुळातच जड तेलं आहेत. आणि कृत्रिम रसायन मिसळलेलं असेल तर कागद ते पकडू शकत नाही, त्याला प्रयोगशाळेतली गॅस क्रोमॅटोग्राफी लागते. चांगला विक्रेता तो अहवाल मागितल्यावर दाखवतो.

आता रोशा. त्याला आपल्याकडे तिखाडीही म्हणतात, गवती चहाचंच भावंड. त्याच्या दोन जाती लोक ओळखत, मोतिया आणि सोफिया. मोतियाच्या तेलाला गुलाबाची छटा असते, कारण गुलाबात जे जिरॅनिऑल असतं तेच या गवतात भरपूर असतं. एकोणिसाव्या शतकात खानदेश आणि निमाडच्या डोंगरांत ओढ्याकाठी भट्ट्या लागत, मडक्यातून वा कढईतून वाफ बांबूच्या नळीने पाण्यात ठेवलेल्या भांड्यात उतरवत. ते तेल मुंबई बंदरातून तुर्कस्तानात जाई, तिथे त्यावर प्रक्रिया होई, आणि गुलाबाच्या महागड्या अत्तरात ते मिसळलं जाई. युरोपच्या बाजारात त्याला ‘टर्किश जिरॅनियम ऑइल’ असं नाव पडलं. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा माणसांनी कापलेलं गवत, आणि नाव तुर्कस्तानचं. मला ही गोष्ट आठवली की आजही वाईट वाटतं.

तुमच्या आजोबांबद्दल जे आठवतं ते लिहून काढा. गवत कोणत्या महिन्यात कापत, भट्टीला कोणतं लाकूड लावत, तेल कशात भरून खाली आणत. हे पुस्तकात मिळत नाही.

आमच्या दारात सुरंगी आहे, शेजारी बकुळ. फुलं वाया जातात. घरी तेल काढता येईल का? यूट्यूबवर प्रेशर कुकरने काढताना दाखवतात.
(एक वाचक, वेंगुर्ले तालुका)

कुकरच्या शिट्टीच्या जागी नळी लावण्याचा प्रयोग करू नका. फुलांची पाकळी उडून नळी तुंबली की तो कुकर फुटतो. आणि या फुलांचं तेल वाफेने निघतही नाही. सुरंगी, मोगरा, जाई यांचा वास उकळत्या पाण्यात बिघडून जातो, हाती येतं ते शिजल्या भाजीसारखं.

त्यांच्यासाठी आपली जुनी रीत तिळाची. फुलेल, म्हणजे फुलांचा वास मुरवलेलं तेल, असंच करत. धुतलेले, सोललेले, पूर्ण वाळवलेले तीळ सुपात किंवा रुंद परातीत पसरायचे, त्यावर संध्याकाळी उमलू लागलेल्या मोगऱ्याचा थर, वर पुन्हा तीळ. सकाळी फुलं वेचून काढायची आणि त्या संध्याकाळी ताजी घालायची. असं दहा-बारा दिवस. मोगरा तोडल्यावरही तासन्‌तास वास सोडत राहतो, आणि तिळातलं तेल तो पिऊन घेतं. मग ते तीळ लाकडी घाण्यावर द्यायचे. घाणा जवळ नसेल तर तिळाच्या तेलातच फुलं घालायची, दुसऱ्या दिवशी गाळून ताजी घालायची. फुलावर दवाचा थेंबही असता कामा नये, पाण्याने तेल खवट होतं. माझी पहिली बरणी त्यामुळेच फुकट गेली होती, पहाटे तोडलेली फुलं मी तशीच ओली टाकली होती.

सुरंगीला हीच रीत करून बघा, पण हंगाम छोटा, फेब्रुवारी ते एप्रिल. कळी फुटायच्या आत वेचावी लागते हे तुम्हाला मी सांगायला नको, तुमच्याकडच्या बायका उजाडायच्या आत झाडावर चढलेल्या असतात. आणि सगळी फुलं तेलासाठी देऊ नका. सुरंगीचे वळेसर केसांत माळायचे दिवस वर्षातून तेवढेच. बकुळीला तर तेलाची गरजच नाही. ती सुकल्यावरही वर्षभर वास धरून ठेवते. सावलीत वाळवा आणि पुरचुंडी करून लुगड्यांच्या घडीत ठेवा.

क्रीममध्ये लिंबाच्या इसेन्शियल ऑइलचे थेंब मिसळून लावले आणि दुसऱ्या दिवशी पायी सप्तशृंगीला गेले. गालांवर काळसर पट्टे उठले आहेत. शिवाय दरवर्षी घरी उटणं करते, त्यानेही असं होईल का?
(एक वाचक, नाशिक)

लिंबाच्या सालीत फ्युरोकुमारिन नावाची द्रव्यं असतात. साल दाबून काढलेल्या तेलात ती उतरतात आणि त्वचेवर ऊन पडलं की भाजल्यासारखा परिणाम करतात. वाफेने काढलेल्या लिंबाच्या तेलात ती येत नाहीत, संत्र्याच्या तेलातही जवळपास नसतात. बाटलीवर कसं काढलं ते लिहिलेलं नसेल तर चेहऱ्याला लावू नका. नुसता लिंबाचा रस चोळून उन्हात गेल्यावरही असंच होतं. तुमचे डाग फिके पडायला काही महिने लागतील. तोवर रोज सनस्क्रीन, डोक्यावर ओढणी, आणि त्वचारोगतज्ज्ञांना एकदा दाखवाच. घासून काढायचा प्रयत्न करू नका.

उटण्याबद्दल विचारलंत हे फार चांगलं केलंत. नागरमोथा, वाळा, आंबेहळद, गवला कचोरा, चंदन यांची काळजी नको. पण पुष्कळ पुड्यांत बावची असते. बावचीत सोरॅलेन असतं, ते याच कुळातलं द्रव्य. कोडावर बावची लावून ऊन दाखवायचा उपचार त्याच गुणावर चालतो. म्हणून घरच्या उटण्यातून बावची वगळा. दिवाळीत पहाटे अंधारात अभ्यंग होतं आणि उटणं धुऊन जातं, त्यामुळे पूर्वी फारसं कळून आलं नसेल. हल्ली तेच उटणं फेसपॅक म्हणून दुपारी लावतात.

अंगाला लावायच्या कोणत्याही सुगंधी तेलाचं माप लक्षात ठेवा. ३० मिली खोबरेल किंवा तीळतेलात ६ थेंब, म्हणजे एक टक्का. चेहऱ्याला त्याच्याही निम्मं. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबायचं. बाटली जुनी झाली, वर्ष उलटून गेलं, वास बदलला, तर अंगाला लावू नका. हवेने बिघडलेलं तेल ताज्या तेलापेक्षा जास्त खाज आणतं.

गवती चहाची कुंडी खिडकीत ठेवली तर डास येत नाहीत ना? शिवाय गॅलरीत वासाची कोणती झाडं लावावीत?
(एक वाचक, डोंबिवली)

नुसत्या कुंडीने डास जात नाहीत. तेल पानाच्या आत कोंडलेलं असतं, पान चुरडल्याशिवाय ते बाहेर येत नाही. चुरडून अंगाला चोळलंत तरी तासाभरात उडून जातं. सिट्रोनेला तेलाचंही तेच. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, त्यामुळे कुंड्यांखालच्या ताटल्यांतलं पाणी आठवड्यातून एकदा ओतून कोरडं करा आणि बाळ असेल तर मच्छरदाणी लावा.

झाडं मात्र जरूर लावा. तीन-चार तास ऊन येत असेल तर गवती चहा, कृष्ण तुळस, पुदिना आणि पानओवा. पुदिना वेगळ्या कुंडीत, तो इतरांची जागा बळकावतो. जागा उरली तर मरवा आणि दवणा. चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर गुलाल-खोबऱ्याबरोबर दवणा वाहतात, तो एकदा हातात चुरडून बघितला तर बाटलीतला कुठलाही वास फिका वाटतो. मी तरी त्याच्यासाठी चैत्राची वाट बघते.

गवती चहाचा अर्क घरी काढता येतो. मोठ्या पातेल्यात पाणी आणि कापलेली पाती, मध्ये उंच ताटलीवर एक रिकामी वाटी, वर झाकण उलटं ठेवून त्यात बर्फ. मंद आचेवर वाफ झाकणाला लागते, थंड होते आणि मधल्या वाटीत ठिबकते. पाऊण तासात वाटीभर सुगंधी पाणी मिळतं. उशीवर, पडद्यावर शिंपडा. फ्रीजमध्ये ठेवून दोन आठवड्यांत संपवा, नंतर त्यात बुरशी धरते.

ताई, माझं वय ६२. कोविडनंतर वास गेला तो पूर्ण परत आलाच नाही. काही वास येतात ते विचित्र. कांद्याची फोडणी जळक्या रबरासारखी वाटते, कॉफी तर सहनच होत नाही. बायको गेल्यापासून एकटाच राहतो, तिच्या शालीचा वास येत नाही याचं सर्वांत दुःख आहे. एकाने कापूर-लवंग-ओवा हुंगत राहा असं सांगितलं. उपयोग होईल का?
(एक वाचक, कोल्हापूर)

तुमचं पत्र मी बरेच दिवस टेबलावर ठेवलं होतं. एप्रिल २०२१मध्ये माझाही वास गेला. भट्टी उघडली, दोनशे किलो गवताची वाफ तोंडावर आली, आणि मला काहीच आलं नाही. भाऊ काहीतरी बोलत होता आणि मी रडत होते. माझा तीन आठवड्यांत परत आला. तुमचा इतका काळ परतलेला नाही, त्यामुळे तुमचं दुःख मला पूर्ण कळलं असं मी म्हणणार नाही.

कापूर-लवंग-ओव्याची ती पुरचुंडी त्याच महिन्यात सगळीकडे फिरत होती, ऑक्सिजन वाढतो म्हणून. तसं काही होत नाही. कापूर नाकातल्या थंडावा जाणवणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतो, म्हणून नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं. ते वास येणं नव्हे.

पण वासाचा सराव नावाची एक खरी गोष्ट आहे. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी २००९मध्ये तो मांडला, कोविडच्या कितीतरी आधी. चार वास: गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग. सकाळ-संध्याकाळ प्रत्येकी दहा सेकंद हुंगायचे, निदान बारा आठवडे. नाकातल्या वास घेणाऱ्या पेशी आयुष्यभर नव्याने तयार होत असतात, त्यांना मेंदूशी पुन्हा जुळायला या रोजच्या सरावाने मदत होते असं मानतात. सगळ्यांना गुण येत नाही, पण पुष्कळांना येतो, आणि धोका जवळजवळ नाही.

चार छोट्या बरण्या घ्या. एकीत लवंगा जरा ठेचून, एकीत लिंबाची साल रोज ताजी, एकीत कापसावर निलगिरीचा एक थेंब, एकीत देशी गुलाबाच्या पाकळ्या, नाहीतर गुलकंद. झाकण उघडायचं, हलका श्वास घ्यायचा आणि तो वास कसा होता ते मनात आणायचं. लवंग म्हटलं की मसालेभात, लिंबू म्हटलं की उन्हाळ्यात घरी आल्यावर हातात मिळालेलं सरबत. काही आलं नाही तरी दहा सेकंद थांबायचं. वहीत तारीख टाकून एक ओळ लिहा: काहीच नाही, पुसट, वेगळाच. तीन महिन्यांनी वास बदलून दुसरे चार घ्या.

फोडणी जळकी वाटते त्याला वाईट लक्षण समजू नका. तुटलेली वाट जुळू लागते तेव्हा बऱ्याच जणांना वास असे वेडेवाकडे येतात. कांदा, लसूण, कॉफी आणि भाजलेले पदार्थ यांनी सर्वांत जास्त त्रास होतो. तोवर दहीभात, काकडी, थंड पदार्थ खा, वजन उतरू देऊ नका. कान-नाक-घसा तज्ज्ञांना एकदा दाखवून घ्या, आतून दुसरं काही कारण नाही ना ते कळेल.

तुम्ही एकटे राहता म्हणून हेही सांगते. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात मरकॅप्टन मिसळतात. तुम्हाला तो येणार नाही. गॅस डिटेक्टर याच आठवड्यात बसवून घ्या, सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो म्हणून डिटेक्टर जमिनीलगत. रात्री रेग्युलेटर बंद करा. दुधाच्या पिशवीवरची तारीख बघूनच दूध घ्या.

आणि ती शाल धुऊ नका. स्वच्छ सुती कापडात गुंडाळून, झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात ठेवा. त्यात कापूर, डांबरगोळी, बकुळ काहीही टाकू नका. सराव सुरू करून तीन महिने झाले की मला लिहा, चार बरण्यांतला कोणता वास आधी आला ते.